फुगवलेला आवाज

अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात पावडरीची पोती भरता भरता अंजनाबाईंचा घसा बसला, तो पुन्हा सुटला नाही. त्यापूर्वी विठ्ठलवाडीच्या चाळीतल्या गायन पार्टीच्या त्या मुख्य गायिका होत्या. जयंतीच्या मंडपात त्यांनी वरचा सूर लावला की कडेला गप्पा मारणारी माणसे आपोआप गप्प होत. आता बेलवलीच्या घरात त्या बोलतात तेही खरवडल्यासारखे. तो आवाज होता याला पुरावा उरला होता तो मंडपात भरलेल्या कॅसेटींचाच.

एका जयंतीला त्यांचे पती भगवानराव यांनी त्या कॅसेटी उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या चेतनभाईच्या दुकानात नेल्या. वस्तीतल्या सगळ्या पार्ट्यांची गाणी एका मेमरी कार्डात बसवून घरोघर वाटावीत, ही त्यांची कल्पना. हेतू समतेचा होता, त्यात शंका नाही. कार्डात जागा पुरेना, म्हणून चेतनभाईने गाणी पार आवळून एमपी-थ्री केली. आवळताना यंत्र आवाजातले काही भाग काढून टाकते. ज्यांची उणीव कोणाला भासणार नाही असे त्याने आधीच ठरवलेले असते, ते भाग. भोंग्यावर खरोखरच कोणाला काही उणे वाटले नाही.

इतर पार्ट्यांनी आपापल्या कॅसेटी परत नेल्या. अंजनाबाईंच्या कॅसेटी भगवानरावांनी आपल्या कारखान्यातला जुना सोबती कान्हा याला दिल्या. वांगणीकडे त्याचे भात पाखरे खात होती, आणि कॅसेटमधून काढून शेतावर ताणलेली फीत वाऱ्याने गुणगुणली की पाखरू बिचकते. बायकोला विचारावे असे भगवानरावांच्या मनातही आले नाही. कार्डात सगळे होतेच.

यंदा लोकगायनाचा ध्वनिसंग्रह करणाऱ्या एका संस्थेच्या रोहिणी मॅडम घरी आल्या. त्यांची अट स्पष्ट होती: आवळलेली फाईल चालणार नाही, मूळ कॅसेटवरून काढलेली वेव्ह फाईल हवी. कॅसेटी आता नाहीत हे न सांगता भगवानराव पुन्हा चेतनभाईकडे गेले.

"एमपी-थ्रीची वेव्ह होईल?"

"क्यों नहीं होगी, भगवानभाऊ? दसपट मोठी करून देतो."

"आणि आवाज?"

"तो कुठनं आणू? माल तेवढाच, डबा मोठा!" चेतनभाई हसला.

भगवानरावांनी फाईल मूळ म्हणून पाठवली. ती मंजूर झाली. गाण्यांची ओळख पटवून घ्यायला रोहिणी मॅडम पुन्हा आल्या, आणि त्यांनी अंजनाबाईंच्या कानांवर हेडफोन चढवला. टाळ पाण्यात बुडवल्यासारखे वाजत होते. सूर जिथे टोकाला जायचा तिथे तो बोथट होऊन थांबत होता. ओळीआधी घेतलेला श्वास तर कुठेच नव्हता. त्यांनी हेडफोन काढला.

"अहो, ही कॅसेट नाही. माझ्या कॅसेटी कुठायत?"

भगवानरावांनी खाली बघत सगळे सांगितले.

"भातावर?" त्या म्हणाल्या. "मग पाखरं घाबरली का तरी?"

रोहिणी मॅडम कानकोंड्या झाल्या. "ताई, फाईल मंजूर झालीय. वेव्ह आहे, नियमात बसते. राहू द्या."

"मग तिच्याखाली लिहा, आवळलेल्या गाण्यावरून फुगवलीय म्हणून."

"तसं लिहिलं तर समिती काढून टाकेल."

"काढू दे."

"अगं, वेडी का तू?" भगवानराव कळवळले. "मग संग्रहात तुझं काहीच राहणार नाही."

"हे राहिलं तर उद्याची पोरं म्हणतील, बाई एवढंच गायची. त्यापेक्षा गात होती हे ठाऊकच नसू दे त्यांना."

रोहिणी मॅडमनी खरे ते लिहिले, आणि समितीने फाईल काढून टाकली. संग्रह खुला झाला त्या दिवशी विठ्ठलवाडीच्या इतर पार्ट्याही ऐकवल्या गेल्या, स्वच्छ, श्वासासकट. गाणारे सगळे पुरुष. त्यांच्या कॅसेटी त्यांच्या बायकांनी जुन्या साड्यांत गुंडाळून कपाटात जपल्या होत्या.