आधी कोणानं नेलं होतं

आमच्या वस्तीतला पहिला ग्रॅज्युएट मी. मोहगावच्या संत्र्याच्या बागेत मजुरी करणाऱ्या बापानं शिकवलं, नागपूरला ग्रंथालयशास्त्राचा कोर्स केला आणि पांढुर्ण्याच्या वाचनालयात खुर्चीवर बसलो. हे मी छाती ठोकून सांगतो, कारण ती खुर्ची मला कोणी दान दिली नव्हती.

बसल्याबरोबर पहिलं काम केलं ते जाडं रजिस्टर बंद करण्याचं. त्यात कोणी काय नेलं ते वर्षानुवर्षं लिहिलेलं असायचं आणि येणारा-जाणारा ते चाळायचा. मी कार्डं आणली. पुस्तक गेलं की त्याचं कार्ड वाचकाच्या कागदी खिशात घालून ट्रेमध्ये ठेवायचं. पुस्तक परत आलं की कार्ड पुस्तकात, खिसा वाचकाला. मागं नावाचा मागमूस उरत नाही. "कोण काय वाचते हे वाचनालयाच्या पोटातच राहिलं पाहिजे," असं आमचे सर शिकवायचे. समितीचे अध्यक्ष कुरकुरले, पण मी हटलो नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, तिघं जण आत शिरले. पुढच्याच्या हातात आमची एक कादंबरी. त्याची बहीण कॉलेजात होती, माझी नेहमीची वाचक. कादंबरी तिनंच नेली होती. त्यानं पुस्तकातून घडी केलेली, बहिणीच्या नावे लिहिलेली चिठ्ठी काढली. खाली नाव नव्हतं.

"तिच्या आधी कोणानं नेलं होतं हे?"

"नाही सांगता येत. पुस्तक परत आलं की आमच्याजवळ नाव राहत नाही."

"मले येडं समजून राहिला का बे? तारीख हाय इथं, अन् नाव नाही?"

"तारीख पुस्तकाची असते."

"तिले घरात धडा शिकवला आम्ही. आता त्याचं करू दे. परवा नदीत गोटमार हाय. दगड कोणाचा, कोण पाहते?"

दर वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीत, नदीच्या सावरगावच्या बाजूनं आणि आमच्या बाजूनं दगड सुटले की कोणाच्या हातून कोण फुटलं याचा हिशेब इथं कोणी मागत नाही. हे त्यालाही ठाऊक, मलाही. आणि ज्यानं ते पुस्तक आधी नेलं होतं तो पोरगा दर वर्षी नदीत उतरायचा, हेही मला ठाऊक होतं.

पहिली थापड कानावर बसली. मग खुर्ची पाठीत. ट्रे जमिनीवर उपडा झाला, शेकडो कार्डं पसरली. दुसऱ्यानं टेबलाचा ड्रॉवर ओढून आपटला आणि त्यातून एक पोस्टकार्ड सरकत माझ्यापुढं आलं.

चूक माझीच. पुस्तकाला उशीर झाला की मी वाचकाला पोस्टकार्ड लिहायचो: नाव, पत्ता, पुस्तक. त्या पोराला मागच्या महिन्यात एका सकाळी लिहिलं होतं, आणि त्याच दुपारी तो स्वतःच पुस्तक घेऊन आला. पुढं नाव खोडून कामात येईल म्हणून ते कार्ड तसंच ठेवलं, फेकलं नाही. एवढा शिकलेला मी, पण पोस्टकार्ड वाया घालवायला जीव धजत नव्हता.

कमरेत लाथ बसली तसा मी त्या कार्डावर पडलो. मुद्दाम.

"ऊठ बे!"

उठलो नाही. पोट जमिनीला दाबून धरलं. लाथा बरगडीत बसत राहिल्या, दात ओठात घुसला.

"पुस्तकं वाटता वाटता माजले हे लोकं," भाऊ म्हणाला. कोणते लोक, ते सांगायची गरज नव्हती. शेवटी तिसरा घाबरला. "मरन ना तो. चाल." कादंबरी माझ्या पाठीवर आपटून ते गेले.

मी पोस्टकार्ड फाडून अगोदर संडासात टाकलं, मग तोंड धुतलं. संध्याकाळी त्या पोराला गाठून म्हटलं, "आजच रामाकोन्याला मामाकडे जा. गोटमार झाल्यावर ये."

"काहून सर? अन् तोंडाले काय झालं?"

"जाय म्हटलं ना."

तो गेला.

समितीनं माझ्याकडून खुलासा मागितला: रजिस्टर का नाही? अध्यक्ष खाजगीत म्हणाले, "एक नाव सांगितलं असतं तं बरगडी वाचली असती ना राजा." मी लिहून दिलं की नाव माझं नव्हतं, म्हणून दिलं नाही. पगारवाढ थांबली.

पंधरा दिवसांनी त्या मुलीची आई आली. डोक्यावरचा पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला. तिनं मुलीचा खिसा टेबलावर ठेवला.

"हिचं नाव काटा बापा."

"कशी आहे ती?"

बाईनं खिसा माझ्याकडं सरकवला.

"जेवते," ती म्हणाली.