पांढऱ्या काठाचे टायर

माझा थोरला भाऊ शिंपी आहे. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. टेप गळ्यात तशीच ठेवून जेवायला बसतो आणि वहिनीने टोकल्याशिवाय काढत नाही. कुठल्याही कपड्याला तो माया जरा जास्तच ठेवतो. म्हणजे शिवणीच्या आत दोन बोटं कापड सोडतो, पुढेमागे गिऱ्हाईक अंगाने सुटलं तर उसवून वाढवता यावं म्हणून. माझे शाळेतले फ्रॉक त्यानेच शिवले. मी उंच होत गेले आणि दादा दुमड उलगडत गेला. वर्गात सगळ्यांचे फ्रॉक बदलले, माझा तेवढा चिरंजीव.

त्याला शौक एकच, जुनी मोटारसायकल. लग्नाच्या आधीपासूनची, म्हणून वहिनी तिला ‘थोरली’ म्हणते आणि स्वतःला ‘धाकटी’.

तर ही धाकटी थोरलीवर बसेनाशी झाली होती. मागचा टायर झिजून गुळगुळीत झाला होता, पण मूळचा आहे म्हणून दादा बदलेना. एका वळणावर वाळूवरून दोघं घसरले. कोपर खरचटण्यावर निभावलं, देवाची कृपा. पण दादाने आधी गाडी उचलली, मग बायकोला. तेव्हापासून वहिनी आपल्या आईकडे दोन बस बदलून जायची आणि दादा गाडीवरून मागाहून एकटाच पोचायचा. म्हातारी विचारायची, “भांडलात का रे?” दोघं एकदम म्हणायचे, “छे!”

बसच्या धक्क्यांनी वहिनीची कंबर धरायला लागली, तसा दादाने ध्यास घेतला: ही पुन्हा मागे बसली पाहिजे. चुकलं म्हणाला असता तर काम तिथल्या तिथे झालं असतं. पण ते कसं म्हणायचं? त्यापेक्षा त्याने थोरलीला नवे कपडे करायचं ठरवलं.

टायरच्या दुकानात मला घेऊन गेला. छतापासून जमिनीपर्यंत टायरच टायर, रबराच्या वासाने डोकं जड होत होतं. टायरवाल्याने आधी अलॉयची चाकं दाखवली. “ही घ्या, तारांची भानगडच नाही.”

“सुटाखाली बाथरूममधली स्लिपर घालू का?” दादा म्हणाला.

म्हणून तारांचीच चाकं ठरली, चकचकीत रिमची. टायर जुन्या नक्षीचे. पुढच्यावर सरळ रेघा, मागच्यावर करवतीसारखे दात. तेवढ्यात त्याला पांढऱ्या काठाची जोडी दिसली आणि त्याने माझा दंडच धरला.

“हेच! लग्न नवं असताना रस्त्यात अशी गाडी उभी होती. तुझी वहिनी वळून वळून बघत होती. तेव्हापासून मनात आहे माझ्या.”

मला भरून आलं, खोटं कशाला बोलू? पण पुढच्याच क्षणी तो म्हणाला, “मागचा एक नंबर मोठा द्या.”

“काका, चेनच्या कव्हरला घासेल,” टायरवाला म्हणाला.

“असू दे. थोडं मोठं असलेलं बरं असतं.”

टायरवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

चाकवाल्याने तारा ओढून, चाकं फिरवून फिरवून त्यांचा आऊट, म्हणजे डुगडुग, काढला, टायर चढवले, आणि दादा ऐटीत घरी निघाला. मी रिक्षाने आधी पोचले होते. गल्लीच्या तोंडापासूनच घर्र, घर्र ऐकू यायला लागलं. वहिनी काजं करत होती, ती सुई घेऊनच बाहेर आली.

“अहो, रस्ताभर काय शिवत आलात?”

“जरासं घासतंय.” दादा चाकापाशी उकिडवा बसला. पांढऱ्या काठावर काळा ओरखडा उठला होता.

“कितीने मोठा घेतलात?”

“एकच नंबर.”

“माया ठेवलीत ना?” वहिनीने तोंडाला पदर लावला. “टायर काय उसवून घेणार होतात?”

मला राहवेना. म्हटलं, “वहिनी, तुम्हाला आवडतात म्हणून घेतलेत. तुम्ही म्हणे अशा गाडीकडे वळून वळून बघत होता.”

“कुठल्या? ती होय!” वहिनीला आठवलं. “अहो वन्सं, मी त्या गाडीवर मागे बसलेल्या बाईच्या कोटाकडे बघत होते. कॉलर काय सुरेख बसली होती! गाडी कोण बघतंय?”

दादा पायरीवर बसला. गळ्यातली टेप काढून बोटाला गुंडाळत राहिला. मग त्या टेपलाच सांगावं तसं म्हणाला, “त्या दिवशी आधी तुला उचलायला हवं होतं.”

वहिनीने सुई पदरात खोचली आणि म्हणाली, “उद्या दुकानात मी येते.”

दुकानात तिने टायरवर नख रोवून पाहिलं, पीळ देऊन पाहिलं, अगदी कापड बघतात तसं. पहिला परत दिला. “हा पडून पडून वाळलाय, भेगा बघा.” दुसरा पसंत केला. योग्य मापात पांढरा काठ आता शिल्लक नव्हताच. नक्षी तीच, पण नुसता काळा.

“पुढचा राहू दे हवं तर काठाचा,” वहिनी म्हणाली.

“म्हणजे एका बाहीला लेस आणि एक बाही नुसती?” दादाने स्वतःच दोन्ही काळे मागितले. टायरवाल्याने कुरकुरत पुढचा बदलून दिला. मागचा ओरखडलेला आमच्याच गळ्यात आला. चाकं बसल्यावर दादा चार पावलं मागे गेला, एक डोळा मिटला, आणि नाइलाजाने म्हणाला, “अंगाबरोबर बसलंय खरं.”

रविवारी दोघं निघाले. वहिनी मागे बसली, पदर खोचून, हाताने सीटची कड गच्च धरून. मी मनात म्हटलं, देवा, यांना नीट पोचव. मग दुपारपर्यंत माझं कशात लक्ष नव्हतं.

शेवटी फोन आला.

“पोचलो, वन्सं. तुमच्या दादांना काही सांगा हो. निम्मा रस्ता मान वाकडी करून नवं चाकच बघत होते. शेवटी पाठीत चिमटा काढला, म्हटलं, समोर बघा, मागे मी बसलेय.”

“आणि मग?”

“मग काय! हळू चालवली. इतकी हळू, की एक सायकलवाला हात हलवत पुढे गेला.”