टीव्हीत बघून गायलेली हळद

सुगंधाबायनं मला आजवर एकदाही नावानं हाक मारलेली नाही. माझं नाव नीलिमा आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे. क्लासच्या पाटीवर ते ठळक अक्षरांत आहे आणि ती पाटी तिच्याच घराच्या भिंतीवर आहे. पण तिच्या लेखी मी 'मास्तरीन'. काशीगावात तिच्या घराच्या तळमजल्यावर माझा कॉम्प्युटर क्लास चालतो, आणि वरच्या मजल्यावर ती आणि तिचा मुलगा ईश्वर राहतात.

आम्ही परळ सोडून काशीगावाजवळच्या बेव्हर्ली पार्कला राहायला आलो तेव्हा मला इथं काळं कुत्रं ओळखत नव्हतं. मोठ्या हौसेनं क्लास काढला आणि सकाळ-संध्याकाळ रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसले. सुगंधाबाय पायरीवर भाजी निवडत बसलेली असायची. माझी दया आली की माझ्या रिकाम्या खोलीचा वीट आला, देव जाणे. पण एके दिवशी तिनं येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना अडवायला सुरुवात केली. "गो, तुजी सून दिसभर मोबाइलच बगते नं? हितं पाठव. मास्तरीन चांगली हाय, जरा तोंडाळ हाय, पन चांगली हाय." माझी जाहिरात अशी. पण तिच्या शब्दाखातर सुना आल्या, सुनांच्या मागून त्यांच्या नणंदा आल्या, आणि माझा क्लास उभा राहिला. हे उपकार मी विसरणार नाही, आणि ती विसरू देणारही नाही.

तर ही सुगंधाबाय म्हणजे धवलारीण. मी परळची, मला तो शब्दच माहीत नव्हता. आगरी लग्नात भटजी असतो, पण त्याच्याही आधी धवलारीण असते. मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि ते गायल्याशिवाय तो विधी झाला असं घरचे मानत नाहीत. यातलं काहीही कागदावर नाही. तिनं ते सासूच्या मागे बसून उचललं. आणि तिची एक अट आहे. विधी करणारे हात समोर दिसले पाहिजेत. हातांनी मुसळ धरलं की कांडपाचा धवला, हात तेलात बुडले की तेलाचा. डोळे मिटून नुसतं गायला ती काय रेडिओ आहे, असं तिनंच मला एकदा सुनावलं होतं.

मागच्या वर्षी लग्नसराईच्या तोंडावर ती ओल्या मोरीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करून आत सळई घातली, आणि डॉक्टरांनी बिछान्यावरून हलायचं नाही असं बजावलं. नेमकं त्याच महिन्यात सान्वीचं लग्न होतं. सान्वी म्हणजे सुगंधाबायची भाची शालू, तिची मुलगी. शालूला भिवंडीकडच्या गावात दिलेली. शालूच्या लग्नात धवले सुगंधाबायनंच गायले होते, आणि सान्वी पाळण्यात असल्यापासून 'हिची हलद मीच गानार' हे ती सगळ्यांना सांगत आली होती.

शालू भेटायला आली आणि समजूत घालायला म्हणून बोलून गेली, "आत्ये, तू जिवाला लावून घेऊ नको. आता धवल्यांचं रेकॉर्डिंग मिलतं. स्पीकरवर लावू."

शालूच्या मनात वाईट काही नव्हतं. पण सुगंधाबायनं भिंतीकडे तोंड फिरवलं ते दोन दिवस फिरवलेलंच. चहाशिवाय काही घेईना. ईश्वर खाली क्लासमध्ये आला. टेम्पो चालवणारा धिप्पाड माणूस, पण अगदी रडवेला झाला होता. "मॅडम, हाड जुळंल, पन ती काय आता उठायची न्हाय. मी काय आता कामाची न्हाय, असं बोलते."

मी म्हटलं, त्यात काय, व्हिडिओ कॉल करू. ती इथून बघेल आणि गाईल, तिकडे स्पीकरवर ऐकतील. माझ्या तोंडून निघून गेलं खरं, पण करून बघितलं तेव्हा फोनवर तिला काही दिसेचना. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा राहिलाय. लॅपटॉप धरला तरी तेच. "मुंग्या चालल्यात," म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

समोरच्या भिंतीवर मात्र ईश्वरनं क्रिकेटसाठी घेतलेला भला मोठा टीव्ही होता. त्याला लॅपटॉप वायरनं जोडावा, तर सुतारानं तो भिंतीला असा चिकटवून ठोकलाय की मागच्या खाचेत बोटही जात नाही. मग राहिलं अ‍ॅप. एक टीव्हीवर घ्यायचं, तेच लॅपटॉपवर घ्यायचं, की लॅपटॉपचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर उमटतो. क्लासमध्ये हे मी दहा वेळा शिकवलं असेल. पण सुगंधाबायसमोर काही केल्या टीव्ही सापडेना. मी घामाघूम. शेवटी डोक्यात प्रकाश पडला की लॅपटॉप खालच्या माझ्या वायफायवर आहे आणि टीव्ही वरच्या ईश्वरच्या. दोन्ही एका वायफायवर आणले, टीव्हीवर आलेला आकडा लॅपटॉपवर टाकला, आणि माझा सगळा डेस्कटॉप भिंतीवर झळकला.

सुगंधाबायनं मान वळवली. बराच वेळ निरखून बघितलं. "एवढा पसारा? तुजं घर पन असंच हाय का गो?"

ती बोलली, यातच मला सगळं मिळालं. लगेच शालूला कॉल लावला. शालूचा चेहरा टीव्हीभर आला तशी म्हातारी उशीवरून उठायला बघू लागली. "बारीक झालीस गो. जेवतेस का न्हाय?" दोघी रडल्या, हसल्या, आणि त्या रात्री सुगंधाबाय भाकरी-कालवण जेवली. आमची रंगीत तालीम ती एवढीच. त्यात बोलणं झालं; कुणी कांडलं नाही, कुणी गायलं नाही.

हळदीच्या दिवशी दुपारी मी क्लासला सुट्टी दिली. ईश्वर सकाळीच भिवंडीला गेला होता. मांडवात फोन स्टँडवर लावायचं काम त्याचं. इकडे सुगंधाबाय नवं लुगडं नेसून, केसांना तेल लावून, पाठीला तक्क्या घेऊन तयार. लॅपटॉप तिच्या उशाशी स्टुलावर, म्हणजे तिचा आवाज त्यात नीट जावा. मी त्याच्या बाजूला. टीव्हीचा आवाज बंद ठेवला होता, नाहीतर तोच फिरून आत जातो आणि घुमतो. चित्र टीव्हीवर, आवाज लॅपटॉपमधून, अशी सोय.

मांडवात उखळ मांडलं होतं. त्यात हळकुंडं, मुसळाला आंब्याची पानं बांधलेली. सुवासिनींनी मुसळाला हात घातले. ते मला लॅपटॉपवर दिसलं, लॅपटॉपमधून कांडपाचा आवाजही आला, पण सुगंधाबाय गप्प. मी टीव्हीकडे बघितलं. तिथं अजून बायका पदर खोचत होत्या.

टीव्हीवर चित्र उशिरा पोचत होतं. फार नाही, एखादी ओळ म्हणून होईल एवढंच. पण सुगंधाबायनं टीव्हीत हात बघून कांडपाचा धवला सुरू केला तेव्हा तिकडे नावापुरते दोन घाव घालून मुसळ खाली ठेवलं गेलं होतं. बायका तेलाच्या वाटीकडे वळलेल्या, आणि स्पीकरवर कांडप. कुणीतरी फिस्सकन हसलं. पाठोपाठ एका पुरुषाचा आवाज आला, "म्हातारीला सुधरत न्हाय. रेकॉर्डिंग लावा नं."

आवाज तर वेळेवरच येत होता. तो तिनं ऐकला आणि ओळीच्या मधेच थांबली.

मी या बाईला नगरसेवकाला फैलावर घेताना बघितलंय. ऑपरेशनला नेताना डॉक्टरची चेष्टा करताना बघितलंय. तिचा चेहरा असा पडलेला मी कधी बघितला नव्हता. "मास्तरीन," ती हळूच म्हणाली, "माजं काय चुकलं?"

मला स्वतःचा, अ‍ॅपचा आणि त्या सुताराचा असा काही राग आला की काय सांगू. "तुझं काही नाही चुकलं, मशीनचं चुकलंय," म्हटलं आणि लॅपटॉपचा आवाज बंद करून खटपट केली. बाकीचं सगळं बंद केलं, चित्राचा दर्जा उतरवला, वायफायचा डबा खुर्चीवर चढून टीव्हीजवळ आणला. फरक शून्य. "लॅपटॉपमध्येच बघ ना जरा," म्हणून तो तिच्या नाकाशी धरला. तिनं डोळे बारीक केले आणि मान हलवली. "नुसतं आवाजावर गा ना मग," मी म्हटलं. "हात दिसल्याबिगर गानार न्हाय," ती म्हणाली. त्यात रुसवा नव्हता. गाणं तसंच असतं, एवढंच ती मला सांगत होती.

मी स्वयंपाकघरात जाऊन शालूला फोन लावला. आजूबाजूला कल्ला चाललेला. मी सरळ सांगितलं, "शालूताई, ती बरोबर गातेय. तुमचे हात तिला इथं उशिरा दिसतायत. आणि हे मला दुरुस्त करता येत नाहीये."

"किती उशिरा?"

"एक ओळ होईल इतकं."

शालू कल्ल्यातून बाजूला झाली. मग म्हणाली, "मंग आमी उशिरा करू. आत्येला काय सांगू नको."

मी येऊन आवाज पुन्हा सुरू केला. लॅपटॉपवर बघते तर शालूनं सगळ्या बायकांना उखळाभोवती परत उभं केलं होतं. कांडप पहिल्यापासून. मुसळाला हात लागले, मुसळ वर गेलं, आणि वरच थांबलं. सगळा मांडव चिडीचूप. त्या बायका मुसळ तोलून उभ्या होत्या, बांगड्यासुद्धा वाजत नव्हत्या. टीव्हीवर मुसळ वर जाताना दिसलं तशी सुगंधाबायनं छाती भरून श्वास घेतला आणि गायला लागली. तिचा आवाज तिकडे पोचला तेव्हा मुसळ खाली आलं.

पुढचं सगळं असंच झालं. तेलात बोटं बुडाली आणि थांबली. हळदीचे हात नवरीच्या गालापाशी जाऊन थांबले. धवला आला, मग गालाला लागले. धवल्यांतून तिनं गावदेवीला बोलावलं, कुळाच्या देवांना बोलावलं, गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन बोलावलं. मधेच फोटोवाला वैतागला, "आंटी, ऐसे बीच में मत रुको, शूट खराब होता है." शालू कडाडली, "तू बैठ रे चूप! हमारे घर का काम है, हमारे हिसाब से होएंगा."

"काय बोंबलतंय ते?" सुगंधाबायनं विचारलं.

"फोटोवाला आहे. जागा मिळत नाहीये त्याला."

"त्याला बोल, बाजूला हो. मना दिसत न्हाय," असं म्हणून ती पुढच्या धवल्याला लागली.

मी मधे बसले होते. डावीकडे लॅपटॉप, समोर टीव्ही. हे दोन्ही बघू शकणारी सगळ्या लग्नात मी एकटीच. लग्नघरात प्रत्येकाला घाई असते; आचाऱ्याला असते, बँडवाल्याला असते, पाहुण्यांना तर जेवणाची असतेच. आणि हे अख्खं घर कुणी एक अक्षर न बोलता एका म्हातारीसाठी थांबत होतं, तिला कळूही न देता. परळ सोडल्यापासून या गर्दीच्या, भलत्यासलत्या उपनगराला मी किती नावं ठेवली असतील त्याला हिशेब नाही. त्या दुपारी मला मनापासून वाटलं की मी भाग्यवान म्हणून इथं येऊन पडले. ही बाई मला भेटली, आणि तिची माणसंही भेटली.

शेवटचा धवला संपला. सुगंधाबायचा घसा बसला होता, कपाळावर घाम होता, आणि चेहरा असा उजळला होता की मी पाण्याचा पेला पुढे करायचंच विसरले. तिकडे सान्वी उठली. हळदीनं माखलेली, पिवळीधमक. ती फोनसमोर आली, "आजे, पाया पडते," म्हणाली आणि जमिनीला डोकं टेकून वाकली.

लॅपटॉपवर ती वाकली होती. टीव्हीवर अजून चालत येत होती. "कया हाय? कया हाय पोर?" सुगंधाबाय मान उंचावून शोधत होती. सान्वी वाकलेलीच राहिली. मग टीव्हीवरही ती वाकली, आणि म्हातारीनं हात वर केला. "औक्षवंत हो गो बाय. सुखाची ऱ्हा. तुज्या घरात कंदी काय कमी पडू नको."

हे शब्द पोचले तशी सान्वी लॅपटॉपवर उठली आणि आईच्या गळ्यात पडली. टीव्हीवर मात्र ती तशीच होती, जमिनीला डोकं टेकून.

"अजून उठत न्हाय बग," सुगंधाबाय मला म्हणाली. "अजून पायजे तिला."

आणि तिनं वर केलेला हात खाली न घेता, बसलेल्या आवाजात, पुन्हा पहिल्यापासून आशीर्वाद द्यायला सुरुवात केली.