न धावणाऱ्या मेघाची मेहनत

जी खेळाडू धावत नाही, ती मेहनत करते असे म्हणता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी मी पुढील प्रयोग हाती घेतला. मी निवृत्त भूमितीशिक्षक असून सिद्धतेवाचून काहीही मान्य करत नाही. (आमच्या घरी या गुणाला दुसरे नाव आहे.)

ही खेळाडू म्हणजे माझी भाची मेघा. ती जळगावात शिकते आणि महाविद्यालयाच्या फुटबॉल संघात मधल्या फळीत खेळते. संघ सामन्यांसाठी धुळ्याला निघाला होता. पण तिचे वडील, म्हणजे रावेरचे केळीबागायतदार आमचे आबा, परवानगी देईनात! त्यांनी तिचा एकच सामना पाहिला होता.

"मास्तर, बाकीच्या पोरी घामानं वल्ल्या झाल्या, अन् आपली? बाजारात भाव इचारत फिरावं तशी फिरू राह्यली!"

"पण आबा, तिने दिलेल्या चेंडूवरच गोल झाला."

"एक डाव दिला. बाकी टाइम काय केलं? फिरायलेच धुळ्याले जायचं, तर आपली बाग काय लहान हाये?"

हा वाद आबांच्या शेतातल्या भरीत पार्टीत चालला होता. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती. माझी धाकटी बहीण, म्हणजे मेघाची आई, जिला सगळे अक्का म्हणतात, धुरातूनच म्हणाली, "कापणीच्या दिवशी तुम्ही तरी एक घड उचलता का? बोट दाखवत फिरता नुसते!"

"ते डोक्याचं काम राह्यतं!"

"मंग?"

आबा शेंगा सोलू लागले. मी मात्र प्रयोग सुचवला. मेघा आणि पार्टीला आलेल्या तिच्या मैत्रिणी एका बाजूला, आम्ही नातेवाईक दुसऱ्या बाजूला! ठिबकच्या नळ्यांची दोन भेंडोळी ठेवून गोल तयार झाला. आबा गोलरक्षक झाले. मेघाला क्षणभरही न सोडता तिच्या श्रमांचे निरीक्षण करण्याची जबाबदारी मी स्वतःकडे घेतली.

ती चालू लागली. मी मागे. ती थांबली, मीही थांबलो. ती बांधाकडे वळली, मी धावत बांधाकडे! ती चेंडूकडे पाहतच नव्हती; खांद्यावरून मागे, मग डावीकडे, मग माझ्याकडे.

"मामा, दम खा ना थोडा."

"माझी काळजी करू नकोस," मी धापा टाकत बजावले.

"पय ना, पोरी!" तिने पळावे म्हणून गोलातून आबा ओरडले. ती जागची हलली नाही. आबा दोन भेंडोळी सोडून पुढे आले. "अवं, पय! पाय दुखू राह्यले का?" आणखी पुढे आले. मी चुलीच्या बाजूने तिची वाट अडवली. तेवढ्यात चेंडू तिच्या पायाशी आला. तिने मान वर न करता त्याला नुसता स्पर्श केला, आणि तो माझ्या पायांमधून, आबांच्या शेजारून, मैत्रीण रुखसाना जिथे अजून पोहोचलीही नव्हती, तिथे गेला. रुखसाना पोहोचली. गोल!

चेंडू पायांमधून जाताच तो अडवायला मी एक पाऊल मागे टाकले होते आणि त्याच झोकात सोललेल्या वांग्यांच्या परातीत बसलो. (वांगी गरम होती, हे अनुभवाने नमूद करतो.)

त्या आसनावरून मला सर्व मैदान दिसले. मी इथे, आबा तिथे, मेघा पलीकडे, मधोमध मोकळी जागा. आम्ही दोघेही नेमके तिने नेऊन ठेवले होते तिथेच! हयातभर मी फळ्यावर त्रिकोण काढले; पण माणसांचा त्रिकोण चालता चालता आखणारी व्यक्ती मी प्रथमच पाहिली. मी भान हरपून बसूनच राहिलो.

आबा मागे वळून रिकाम्या गोलाकडे पाहत होते. "म्हंजे... मले बाहेर तूच काढलं?"

मेघा हसली. "तुमीच आले, आबा."

चेंडू उचलून आबांनी तिच्या हातात दिला. मग आबा हळूच म्हणाले, "जाय धुळ्याले. पण तठी बी अशीच फिरजो. कोनी ओरडलं तरी पयू नको!"

"भाऊ, आता उठा," अक्का म्हणाली. "वांगी ठेचायचीच होती. बरं झालं!"

त्या दिवशी मैदानावर सर्वांत जास्त मी धावलो, आणि माझ्या हातून झालेले एकमेव उपयुक्त काम बसून झाले. प्रश्नाचे उत्तर मला मिळाले आहे. तरीही कोणास शंका असल्यास, मेघाचा सामना असेल तेव्हा मैदानावर जावे, चेंडूऐवजी तिच्याकडे पाहावे आणि स्वतः खात्री करून घ्यावी, ही विनंती.