भावी डॉक्टर

दहावीचा निकाल लागला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टर झाले. मला कुणी विचारलं नाही, मी कुणाला हो म्हटलं नाही. कनेरगाव नाक्यावर, एसटी थांबते त्याच्या समोर, विजेच्या दोन खांबांमध्ये माझा फ्लेक्स लागला आणि त्यावर माझ्या नावाच्या वर लाल अक्षरांत छापलं होतं, 'भावी डॉक्टर'. झालं. विषय संपला.

फ्लेक्स मामानं लावला होता. आईचा थोरला भाऊ. त्याला पुढच्या निवडणुकीत उभं राहायचंय, हे आमच्या भागातल्या कुत्र्यामांजरांनाही माहीत आहे. म्हणून कुणाचा वाढदिवस असो, कुणाला पोरगं होवो, कुणाची म्हातारी जावो, मामाचा फ्लेक्स ठरलेला. त्यात सख्खी भाची शाळेत पहिली आली म्हटल्यावर तो गप्प बसतो होय? फ्लेक्सवर अर्ध्या भागात तोच, डोळ्यांवर गॉगल, कानाला फोन. खाली शुभेच्छुकांच्या ओळीत त्याच्या मागं फिरणारी पंधरावीस पोरं. आणि उरलेल्या कोपऱ्यात मी.

मी म्हणजे नुसतं माझं डोकं. शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो फ्लेक्सवाल्यानं कापला आणि पांढरा कोट घातलेल्या कुठल्याशा डॉक्टरच्या अंगावर चिकटवला. गळ्यात स्टेथोस्कोप. हात बघितले तर बाप्याचे, केसाळ, मनगटावर घड्याळ! हसावं की रडावं तेच कळेना. मैत्रिणी हसून हसून लोळल्या. मी मात्र घरी येऊन आईवर ओरडले, "मला डॉक्टर व्हायचंय हे कुणी सांगितलं मामाला?"

आई पोळ्या लाटत होती. म्हणाली, "मंग काय व्हायचं? एवढे मार्क पडलेत तर."

"मला मराठी घेऊन शिकायचंय. आर्ट्सला जायचंय."

"बरं बरं, आधी जेव," आई म्हणाली. ज्वर चढलेल्या लेकराला बोलतात तसं.

हे माझं आजचं खूळ नव्हतं. आठवीपासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. आमच्या शाळेच्या कपाटातली पुस्तकं संपल्यावर मी हिंगोलीहून येणाऱ्या प्रत्येकाला पुस्तक मागायची. बाबांचं नाक्यावर टायर पंक्चरचं दुकान आहे. तिथं ट्रकवाले जुने दिवाळी अंक टाकून जायचे, ग्रीस लागलेले, मुखपृष्ठ फाटलेले. तेही मी सोडले नाहीत. एखादी गोष्ट वाचून झाल्यावर मी दुकानाच्या मागं टायरवर बसून तशीच आपली एक लिहून बघायची. चांगली नसायची. पण लिहिताना मी कुठं आहे, भूक लागली का, काही कळायचं नाही. मला तेच करायचं होतं, आणि ते नीट शिकून करायचं होतं. अकरावीचा प्रवेश जवळ आला होता. एकदा सायन्सच्या वर्गात बसवलं की तिथून मला कुणी बाहेर काढणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मोठ्या बहिणीला नर्सिंगला असंच बसवलं होतं. ती आजही सुट्टीला आली की भिंतीकडं तोंड करून झोपते.

इकडं फ्लेक्सनं आपलं काम सुरू केलं होतं. शेजारची काकू गुडघा दाखवायला आली. काकू, मी दहावी झालेय, दहावी! "व्हय गं, पण पुढं तेच शिकायचं हाय ना? आत्तापासून बघत जाय." बाबांच्या दुकानावर ट्रकवाले विचारायचे, "डॉक्टरच्या बापाचं दुकान हेच का भाऊ?" बाबा मान हलवायचे आणि हवा भरायचे. हो नाही, न्हाईबी नाही. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा मला सगळ्यात जास्त राग यायचा. मामा बोलतो, आई बोलते, काकू बोलते, आणि ज्यांनी बोलायला पाहिजे ते पान्हा शोधतायत!

मग हिंगोलीचा एक क्लासवाला आला. पेढ्याचा पुडा घेऊन. म्हणाला, "ताईचा फोटो आमच्या क्लासच्या जाहिरातीत लावतो. दोन वर्षांची फी माफ. डॉक्टर करून देतो, जबाबदारी आपली."

बाबांनी हात पुसले. "पण पोरगी तुमच्या क्लासला आली कधी?"

"आता येईल ना!"

मामा शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "दाजी, तुमी ह्याच्यात पडू नका, तुम्हाला ह्यातलं कळत न्हाई." आणि दाजी खरंच पडले नाहीत. पुन्हा टायरकडं गेले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी म्हटलं, आता एकच माणूस आपल्या बाजूला आहे. आमच्या मराठीच्या बाई. माझा प्रत्येक निबंध त्यांनी वर्गात वाचून दाखवलेला. 'साहित्य माणसाला घडवतं' हे वाक्य तर त्यांनी इतक्या वेळा फळ्यावर लिहिलं होतं की ते पुसलं तरी दिसायचं. मी त्यांच्या घरी गेले, सगळं सांगितलं आणि म्हटलं, "बाई, तुम्ही आईबाबांना समजावून सांगा."

बाईंनी चहा दिला. मग म्हणाल्या, "सायन्स घे गं. साहित्य काय, कुठंही वाचता येतं. सुट्टीत वाच. मन रमवायला असतं ते."

"पण तुम्हीच तर म्हणायच्या..."

"ते परीक्षेला येतं म्हणून." त्या हसल्या, आणि मला ते हसणं अजिबात आवडलं नाही. "माझी पोरगीसुद्धा लातूरला क्लासला आहे. तिलाही आवड होती वाचनाची. आता बघ, कशी लागली अभ्यासाला."

मी चहा तसाच ठेवून निघाले. रस्त्यानं चालताना मला रडू येत नव्हतं, नुसता संताप. अहो, मग तीन वर्षं आम्हाला काय सांगत होतात? पुस्तकातल्या माणसांसाठी आम्हाला रडवलंत, ते काय मार्कांसाठी? आणि हेच लोक वर आम्हाला शिकवणार, हाव करू नये, समाधानी असावं. बरं, डॉक्टर होऊन बंगला बांधायचा, गाडी घ्यायची, ती हाव नाही. ती महत्त्वाकांक्षा. तिचे फ्लेक्स लागतात. आणि मला चार चांगली वाक्यं लिहिता यावीत एवढंच वाटतं, तर ते नखरे! मला काही नकोच आहे असं नाही हं. मला पुष्कळ हवंय. माझी गोष्ट छापून यावी, अनोळखी माणसानं ती वाचावी आणि त्याची एसटी चुकावी, असं मला वाटतं. हीपण हावच असेल. असू दे. पण माझी तरी आहे ना.

प्रवेशाच्या आधीच्या आठवड्यात शाळेनं गुणवंतांचा सत्कार ठेवला. आमच्याकडं सत्काराची एक रीत आहे. शाल घालतात, नारळ देतात, आणि मग ज्याचा सत्कार त्यानं 'मनोगत' बोलायचं. मनोगत म्हणजे मनातलं, असा शब्दाचा अर्थ. पण ते बाईंनी आधीच कागदावर लिहून दिलेलं असतं आणि त्यात मनातलं सोडून सगळं असतं. पहिले आभार संस्थेच्या अध्यक्षांचे. मग प्रमुख पाहुण्यांचे. मग मुख्याध्यापकांचे, मग शिक्षकांचे, मग मार्गदर्शक म्हणून मामाचे, आणि जागा उरली तर आईवडिलांचे. क्रम चुकला तर माणसं रुसतात. अध्यक्षांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं होतं. कशाबद्दल आभार मानू? ते उन्हातून आले म्हणून? आणि तेही आम्हाला मांडवात दीड तास ताटकळत ठेवून!

माझं नाव पुकारलं. शाल अंगावर आली, उकाड्यानं आधीच जीव चाललेला. माइकसमोर उभी राहिले आणि बाईंचा कागद उघडला. समोर बायका पदरानं वारा घेत होत्या. आई पहिल्या रांगेत, नवी साडी. बाबा शेवटी, मांडवाच्या खांबाला टेकून उभे, दुकानाच्याच कपड्यात. मी अध्यक्षांचे आभार वाचले. पाहुण्यांचे वाचले. मग 'मी डॉक्टर होऊन आपल्या परिसराची सेवा करीन' हे वाक्य आलं आणि माझी जीभच वळेना.

मी कागदाची घडी केली आणि म्हणाले, "मला डॉक्टर व्हायचं नाही. फ्लेक्सवर लिहिलंय ते मला विचारून लिहिलेलं नाही. मला मराठी शिकायचंय, मला लिहायचंय. मला सायन्सला घालू नका, मी हात जोडते."

माझे हात खरंच जोडलेले होते. मला वाटलं, आता मांडव कोसळणार, मामा उठणार, आई रडणार.

आणि काय झालं? टाळ्या! कडकडून टाळ्या! हात जोडले म्हणजे भाषण संपलं, एवढंच लोकांना ठाऊक. सूत्रसंचालन करणारे सर माइक ओढून म्हणाले, "वा वा, अतिशय सुंदर मनोगत! एवढं यश मिळूनही ही नम्रता! पुन्हा एकदा जोरदार टाळ्या आपल्या भावी डॉक्टरसाठी!" अध्यक्ष फोनवर बोलत होते, त्यांनी एका हातानं मांडीवर टाळी दिली. मामानं तर उठून मला पेढा भरवला आणि फोटो काढून घेतला. मी तोंडात पेढा घेऊन उभी. असा अपमान माझा जन्मात झाला नव्हता. अरे, नाही म्हणा, रागवा, पण ऐका तरी!

घरी जाताना आई म्हणाली, "काय बोलून राहिली होतीस गं तू? बरं झालं, कोणाला कळलं न्हाई."

बाबा मागून चालत होते. म्हणाले, "मला कळलं."

आम्ही दोघी थांबलो. बाबांच्या हातात माझा नारळ होता. ते म्हणाले, "पोरी, हे मला घरी काहून न्हाई सांगितलं? माइकवर सांगा लागलं?"

माझा इतक्या दिवसांचा राग तोंडाशी आला. "तुम्ही विचारलं का कधी? एकदा तरी? सगळे बोलत होते आणि तुम्ही हवा भरत होता!"

आई म्हणाली, "बापाशी बोलायची ही रीत झाली का?" पण बाबांनी तिला हातानं थांबवलं. त्यांनी नारळ दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाले, "न्हाई विचारलं. खरं हाय. मला वाटलं, एवढी शिकलेली माणसं बोलून राहिली तर त्याईले बराबर माहीत असंल." आणि मग, मला आठवतंय तसं आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांनी मला विचारलं, "मराठी शिकून काय होते?"

मी म्हटलं, "माहीत नाही, बाबा. काही होईल की नाही तेही माहीत नाही."

"बरं," बाबा म्हणाले. आणि पुढं चालायला लागले.

संध्याकाळी मामा आला. मांडवातलं त्याला कुणीतरी उशिरा समजावून सांगितलं असावं. तणतणतच आला. "दाजी, सगळ्या गावानं फ्लेक्स बघितला हाय. आता मी लोकाईले काय सांगू?"

बाबा जेवत होते. म्हणाले, "तुमचा फोटो मोठा हाय त्याच्यावर. लोकं तोच बघतेत." आई मान खाली घालून हसली, मी तिला हसताना बघितलं. मामा न जेवता गेला.

दोन दिवसांनी बाबांनी दुकान बंद ठेवलं. आम्ही एसटीनं हिंगोलीला गेलो. कुठं नेतायत हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. कॉलेजच्या आवारात ही गर्दी. बाबांनी शिपायाला विचारून एक रांग धरली. रांगेतल्या बहुतेक पोरांना माझ्या निम्मेच मार्क होते, हे त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं. आमचा नंबर आला. खिडकीतल्या बाबूनं माझी गुणपत्रिका बघितली, चष्मा वर केला आणि म्हणाला, "अहो काका, चुकून इकडं आलात. ही आर्ट्सची खिडकी. सायन्सची तिकडं, निंबाच्या पलीकडं."

मागचे लोक पुढं सरकायला लागले. बाबा खिडकीतून हलले नाहीत. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि मोठ्यानं म्हणाले, पंक्चरच्या दुकानावर ट्रकच्या आवाजात बोलावं लागतं तेवढ्या मोठ्यानं, "चुकून न्हाई आलो, साहेब. माझ्या पोरीला मराठी शिकायचं आहे. ती लिहिते."

अख्खी रांग वळून बघायला लागली. मी लिहिते हे बाबांनी कधी बघितलं, मला माहीत नाही. आमच्याकडं बापाला आभार म्हणायची पद्धत नाही, म्हटलं असतं तर तेच ओशाळले असते. राग काढायला आता कुणीच उरलं नव्हतं. बाबूनं सही करायला कागद पुढं केला. बाबांनी तो माझ्याकडं सरकवला आणि म्हणाले, "आधी तू कर."