यादीतलं दहावं नाव

एक प्रकरण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही, आणि ते जावं असं मी कधी म्हटलंही नाही. भंडारा जिल्ह्यात अड्याळच्या पुढे आमचं गाव. तिथे मी पोलीस पाटील होते, वयाची मर्यादा येईपर्यंत. शिक्षण सातवी. गावात मारामारी झाली, कोणी तळ्यात बुडालं, अनोळखी माणूस मुक्कामाला आला, की ठाण्याला कळवायचं. पंचनाम्याला पंच उभे करायचे. शिपाई समन्स घेऊन आला की घर दाखवायचं. एवढंच काम, पण ते नीट केलं नाही तर माणूस मरतो. नावं कोणाची सांगणार नाही, ठाण्याचंही नाही.

दिवाळी होऊन गेली होती, धान कापणीला आलं होतं. जवळच्या एका गावात बाजाराच्या दिवशी एका म्हातारीच्या गळ्यातली सोन्याची पोत कोणीतरी ओढली. म्हातारी ओट्याच्या कडेवर डोकं आपटून पडली आणि चौथ्या दिवशी दवाखान्यात मेली. चोरीचं प्रकरण मरणाचं झालं. ठाणेदारांना वरून फोन यायला लागले.

पूर्वी अशा वेळी खबर माणसाकडून येई. पानठेलेवाला सांगे, सोनार सांगे, भांडलेला साळा सांगे. खबर खोटी निघाली तर त्याला बोलावून झापता येई. या वेळी खबर कॉम्प्युटरने दिली. कापड दुकानाच्या कॅमेऱ्यात पळणारा एक जण सापडला होता, अर्धा चेहरा, तोही पुसट. तो फोटो जिल्ह्याला गेला. तिथे चेहरे जुळवणारं नवीन यंत्र आलं होतं, ए.आय. म्हणतात ते. त्याने नाव काढून दिलं, बापाच्या नावासकट. गाव आमचं.

मला घर दाखवायला बोलावलं. माणूस गवंडी होता, तिशीतला, बायको आणि एक मुलगी. आम्ही गेलो तेव्हा अंगणात हातावरचं सिमेंट खरडून काढत होता.

"काकू, कोनाचं घर पाह्यजे?"

"तुझंच."

तो हसला. "माह्यं? मी काय मंत्री झालो का?"

जीपमध्ये बसेपर्यंत त्याला ती थट्टाच वाटत होती.

ठाण्यात ठाणेदारांनी त्याच्यासमोर एक कागद ठेवला. कागदावर दोन फोटो, एक दुकानातला पुसट, एक स्वच्छ, आणि खाली टक्के लिहिलेले. ठाणेदार पश्चिम महाराष्ट्रातले होते, आवाज चढवणारे नव्हते. कोणी त्याला हात लावला नाही. हात लावायची गरजच उरली नव्हती, हे मी पहिल्यांदा पाहिलं. पूर्वी संशयिताला विचारत, पुन्हा विचारत, उलटं विचारत. त्यात कधी कधी खरं बाहेर पडे. आता फक्त कागद पुढे सरकवला.

"हा कोण?"

त्याने तो पुसट फोटो बराच वेळ पाहिला. उजेडाकडे नेऊन पाहिला. मग म्हणाला, "दिसते तं माह्यासारकाच, साहेब."

असं कोणी चोर म्हणत नाही. पण लिहिणाऱ्याने ते लिहून घेतलं.

"पण मी तिथं नोहतो. बाजाराच्या दिवशी मी काकूच्या कोठ्याची भित बांधून रायलो होतो."

"कोण काकू?"

"ह्या काय, बसल्या तुमच्या बाजूले."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "होय. सकाळपासून दिवस बुडेपर्यंत माझ्या घरी होता. माझा जबाब घ्या."

"मोबाईल कुठे होता त्याचा?"

"घरी होता. बायकोजवळ," तो म्हणाला.

"म्हणजे तुमच्या बोलण्याशिवाय काही नाही," ठाणेदार मला म्हणाले. "पाटीलबाई, गाव गावाला सांभाळतं, मला माहीत आहे. यंत्राला काका नाही, काकू नाही."

मी कागद माझ्याकडे ओढला. तो स्वच्छ फोटो मी ओळखला. पांढरा शर्ट, नीट विंचरलेले केस, मागे ठाण्याचीच भिंत. तो फोटो माझ्यामुळे निघाला होता.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. नाटक असतं, गर्दी असते, दारू असते. मंडईच्या आधी ठाणं पोलीस पाटलाकडे उपद्रवी लोकांची यादी मागतं, म्हणजे त्यांच्याकडून शांतता राखण्याचं हमीपत्र लिहून घेता येतं. यादीत दहा नावं पाहिजेत, असं त्या काळी तोंडी सांगत. माझ्या गावात दहा गुंड नव्हते. पाच होते. त्यातल्या दोघांचे मामा पुढारी, म्हणून त्यांची नावं टाकायची नाहीत. मग नाव टाकलं म्हणून जे भांडणार नाहीत अशांना मी विचारायची. सगळेच पोलीस पाटील असं करत. काही वर्षांपूर्वी असंच शेवटचं नाव कमी पडलं तेव्हा मी या गवंड्याच्या घरी गेले होते.

"लिवा न, काकू," तो म्हणाला होता. "एक सही तं कराची हाये. माह्यं काय जाते?"

सही केली, फोटो काढला, पुढे काही झालं नाही. तो हे विसरला होता. मीही विसरले होते. कागद विसरला नव्हता. कधीतरी ते सगळे जुने फोटो कॉम्प्युटरमध्ये चढवले गेले. यंत्र साऱ्या जगात चोर शोधत नाही. त्याला जेवढे फोटो दिले तेवढ्यातच शोधतं. खरा चोर त्यात नसेल, तर त्याच्यासारखा दिसणारा देतं. गावातल्या त्या दोघा भाच्यांना ते कधीच धरणार नाही.

मी ठाणेदारांना बाहेर बोलावलं आणि हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही ठाण्याला खोटी यादी दिली?"

"भरतीची दिली. तुम्हालाच दहा पाहिजे होती."

"मी तेव्हा इथे नव्हतो. तुम्ही तसं लेखी द्या. मी पुढे पाठवतो. पण पद जाईल, कदाचित गुन्हाही दाखल होईल. विचार करा."

मी विचार केला. हे लिहिताना लपवणार नाही. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. नोकरीत डाग नव्हता. मी म्हटलं, उद्या सांगते, आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी लेखी जबाब घेऊन आले, तोपर्यंत त्याला कोर्टात उभं करून कोठडी घेऊन झाली होती. कोर्टाच्या कागदात लिहिलं होतं, आरोपी पोलीस अभिलेखावरील उपद्रवी इसम आहे. तो अभिलेख म्हणजे माझं अक्षर. माझा जबाब आवक झाला, शिक्का बसला, फाईलला लागला. कोर्टापुढे गेला नाही. माझ्यावर कारवाईही झाली नाही. कोणाला त्यात पडायचंच नव्हतं.

त्याची बायको दुसऱ्या गवंड्याच्या हाताखाली रेजा म्हणून विटा उचलायला लागली. भेटीच्या दिवशी कारध्याचा पूल ओलांडून भंडाऱ्याला जेलात जायची. एकदा मी सोबत गेले. जाळीपलीकडून तो मला म्हणाला, "काकू, खरं सांगा. झोपेत गेलो असन काय मी तिथं? एवढी मोठी मशीन काहून खोटं बोलंन?"

इतक्या वर्षांत मी प्रेतं पाहिली, जळालेल्या बायका पाहिल्या. तेवढी भीती मला कधी वाटली नाही. त्याचा स्वतःवरचा भरवसा गेला होता.

उन्हाळी धान निघालं तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात एक चोर दुसऱ्याच गुन्ह्यात सापडला. त्याने आमच्या बाजाराचा गुन्हाही सांगितला आणि म्हातारीची पोतही काढून दिली. एका हवालदाराने जुन्या पद्धतीने दोन दिवस बसून बोलतं केलं होतं त्याला. मी त्या चोराला कोर्टात पाहिलं. कान वेगळे, हनुवटी वेगळी, उंची हातभर जास्त. ठाण्याने कोर्टात तसं लिहून दिलं आणि आमचा माणूस सुटला. त्याची कोणी माफी मागितली नाही. मी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या न, काकू." त्याने जाऊ दिलं म्हणून ते गेलं असं होत नाही.

पावसाळ्यात शेजारच्या गावात मोटारसायकल चोरीला गेली. यंत्राने पुन्हा त्याचंच नाव काढलं. शिपाई आला, फक्त चौकशी म्हणाला. दोन महिन्यांनी पुन्हा आला. आता तर अटकेचा फोटोही चढला होता, तिन्ही बाजूंनी काढलेला. मी अर्ज केला, हा निर्दोष सुटला आहे, याचे फोटो काढून टाका. नवे ठाणेदार आले होते, ते आमच्याच भागातले.

"पाटीलबाई, फोटो टाकाचं आमच्याकडं हाये. काढाचं नाई."

"कोणाकडे आहे?"

"वर."

"वर म्हणजे कुठे?"

"ते मलेही कोनी सांगतलं नाई."

या प्रकरणाने काय शिकवलं, असं लोक विचारतात. माणसाला आपल्याबद्दल काय लिहून ठेवलं आहे ते पाहता आलं पाहिजे, आणि खोटं असेल तर खोडायला लावता आलं पाहिजे. कायद्यात तसं असेलही. मी ठाण्यात, जिल्ह्याला, तहसीलला जाऊन विचारलं. तो अर्ज घेणारी खिडकी मला सापडली नाही. मी एकदा निवांतपणे खोटं लिहिलं, ते लगेच खरं धरलं गेलं. मग घाबरत घाबरत खरं लिहिलं, ते फाईलमध्ये पडून राहिलं. मला शिकायला मिळालं ते एवढंच, आणि त्याचा कोणाला उपयोग नाही.

माझ्यानंतर गावातलीच एक बी.ए. झालेली सून पोलीस पाटील झाली. हुशार आहे. पहिल्याच मंडईच्या आधी ती माझ्याकडे आली. मला वाटलं, जुन्या याद्या मागेल. मी आधीच सांगितलं, मी सगळ्या फाडल्या.

"नाई नाई, याद्या ठाण्यातूनच तयार येते आता," ती म्हणाली. "मले फक्त खूण कराची रायते, कोन गावात हाये अन् कोन नाई." तिने मोबाईल पुढे केला. वरून दहावं नाव त्या गवंड्याचं होतं. "हा रायते काय हो इथं?"

त्याच्या घराला कुलूप होतं. मुलीचं नाव शाळेतून काढून बायको-पोरीसह तो कुठे गेला ते त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं, मलाही नाही.

मी म्हटलं, "नाही."

तिने खूण केली.