सॅमनवाले डॉक्टर

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या आमच्या मराठी मंडळातल्या एका निवृत्त डॉक्टरांना नदीतले सॅमन मासे धरण्याचा नाद आहे. पिसं बांधून केलेल्या खोट्या आमिषांचा डबा उघडून ते विचारतात, "काय मंडळी, आज ड्यूटीवर कोण?" पाणी गढूळ असेल तर मोठं भगवं आमिष, नितळ असेल तर नखाएवढं काळं. गळाचा उलटा काटा ते पकडीने दाबून टाकतात, कारण धरलेला मासा परत नदीत सोडायचा असतो.

परवा त्यांनी मलाही नेलं. वर्षभर वाट पाहून त्यांना या नदीवर गळ टाकायच्या परवानगीचा हा एकच दिवस मिळाला होता. आम्ही पोचतोय तोच समोर भला मोठा सॅमन उसळला.

"डॉक्टर, टाका ना लवकर!" मी ओरडलो.

त्यांनी आधी पाण्यात थर्मामीटर बुडवला, नीट पाहिला आणि गळ न टाकताच दोरी गुंडाळायला घेतली. "पाणी फार तापलंय रे, त्यात प्राणवायू कमी असतो. आत्ता झुंजला तर सोडल्यावरही मरेल तो."

"अहो, पण इथे बघतंय कोण?"

"बघायला कोणी कशाला लागतं, शहाण्या? बस, पोहे खा."

मी शरमून बसलो. मासा पुन्हा उसळला तेव्हा डॉक्टरांनी चक्क टाळ्या वाजवल्या. माझा हात मात्र अजूनही गळाकडेच जात होता.